एकास चोवीस : हॉस्टेलच्या टेबलावरची स्पोर्ट्स कार

मॉडेल बनवणं आपल्याला नवीन नाही. दिवाळीच्या सुट्टीत माती कालवून किल्ला कोणी केला नसेल असा मराठी मुलगा विरळाच. वसईकर मित्रांच्या घरी नाताळात जो गोठा उभा राहतो, त्यातलं गवत, पूल, विहीर, दिव्यांची माळ बघितली तर कळतं की मोठ्या गोष्टीचं छोटं रूप करण्याची खाज आपल्या रक्तातच आहे. फरक इतकाच, की किल्ल्याचा मावळा बुरुजापेक्षा उंच झाला तरी कोणी हरकत घेत नाही. स्केल मॉडेलमध्ये मात्र हे चालत नाही. तिथे सगळं एकाच प्रमाणात लागतं.

हा लेख प्लास्टिकच्या स्पोर्ट्स कार किटबद्दल आहे. किट म्हणजे सुटे भाग असलेली पेटी. आतले भाग कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे आणि गाडी उभी करायची. वरवर पाहता खेळच. पण मेकॅनिकलच्या चार सेमिस्टरमध्ये फळ्यावर जे शिकलो, त्यातलं बरंचसं या पेटीत हाताला लागतं. कसं ते बघू.

प्रमाणाचा हिशेब

कार किटमध्ये सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे १/२४. फूट-इंचाच्या हिशेबात एका फुटाला अर्धा इंच. अमेरिकन किट बऱ्याचदा १/२५ मध्ये असतात. दुकानात दिसणाऱ्या धातूच्या तयार गाड्या १/४३ च्या असतात, आणि ते माप खेळण्यातल्या रेल्वेवरून आलंय. लहानपणी आपण जमिनीवर पळवलेल्या छोट्या गाड्या साधारण १/६४ च्या.

उदाहरणासाठी माझदाची एमएक्स-५ घेऊ. दोन सीटची, उघड्या टपाची, २०१५ पासून विकली गेलेली चौथी पिढी. खऱ्या गाडीची लांबी ३९१५ मिलिमीटर, रुंदी १७३५, उंची १२३५. चोवीसने भागा. लांबी १६३ मिलिमीटर, रुंदी ७२, उंची ५१. म्हणजे तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडी लहान.

आता गंमत बघा. लांबी २४ पट कमी झाली, पण पृष्ठभाग २४ चा वर्ग म्हणजे ५७६ पट कमी होतो, आणि घनफळ २४ चा घन म्हणजे १३,८२४ पट. गाडीचं वजन साधारण १००० किलो धरलं तर त्याच प्रमाणात मॉडेलचं वजन ७२ ग्रॅम यायला हवं. तुमची गाडी पूर्ण झाली की केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या काट्यावर ठेवून बघा.

या हिशेबाचा खरा उपयोग पुढे आहे. खऱ्या गाडीच्या दारातली फट साधारण ४ मिलिमीटर असते. मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटर हवी. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंतचा सगळा रंग मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आपण मॉडेलवर १०० मायक्रॉनच मारला, तरी तो १/२४ च्या जगात २.४ मिलिमीटर जाड झाला. भिंतीला गिलावा केल्यासारखा! दाराच्या रेषा बुजतात, कडा गोल होतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. नवशिक्याची गाडी आणि मुरलेल्या माणसाची गाडी यातला अर्धा फरक रंगाच्या या जाडीत असतो.

पेटीतला टूलरूम

पेटी उघडली की चौकटीला लटकलेले भाग दिसतात. त्यांच्याकडे नीट बघायचं असेल तर आधी वसई पूर्वेला एक चक्कर मारा. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळ्यांमधून इंजेक्शन मोल्डिंगची मशिनं चालतात. बाटलीची झाकणं, स्विचची बटणं, कंगवे. दाणा हॉपरमध्ये पडतो, तापलेल्या बॅरलमध्ये वितळतो, स्क्रू तो डायमध्ये ढकलतो, थंड झाल्यावर पिना भाग बाहेर ढकलतात. तुमची स्पोर्ट्स कारही अशीच जन्मलेली असते. फक्त दाणा पॉलिस्टायरिनचा आणि डाय फारच बारकाईने कोरलेली.

म्हणून किटमधल्या प्रत्येक खुणेला अर्थ असतो. ज्या दांडीला भाग लटकतो तो रनर. जिथे भाग दांडीला जोडलेला असतो तो गेट. डायचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे भागावर एक बारीक रेघ उठते, ती पार्टिंग लाइन. मागच्या बाजूला नाण्यासारखे गोल ठसे दिसतात, ते इजेक्टर पिनांचे. जाड भागाच्या पाठीवर खड्डा पडलेला असेल तर तो सिंक मार्क. प्लास्टिक थंड होताना आकसतं, आणि जिथे जाडी जास्त तिथे जास्त आकसतं, म्हणून खड्डा. बॉडीची बाजू आणि पुढचं नाक एकाच डायमधून सरळ निघणार नाही, म्हणून तिथे सरकणारे स्लाइड लावलेले असतात. त्यामुळेच बॉडीच्या कोपऱ्यांवर, बंपरच्या वळणावर पार्टिंग लाइन सापडते. फोटोत दिसत नाही, पण चकचकीत रंग मारला की लगेच उठून दिसते.

व्हायव्हात ‘ड्राफ्ट अँगल का देतात?’ विचारलं की आपण पाठ केलेलं म्हणून दाखवतो. किटमधली सीट हातात घेऊन बघा, बाजू किंचित तिरप्या दिसतील. डायमधून सुटावी म्हणून. एकदा असं बघितलं की पाठ करावं लागत नाही.

ही मोजमापं कंपन्या किती मनावर घेतात याचा एक किस्सा मॉडेलवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या धंद्यातून सुरू झाली. पुढे लाकडी मॉडेल्स आणि मग प्लास्टिक. १९७६ मध्ये त्यांनी १/१२ मापाची पोर्शे ९३४ काढली. त्यासाठी शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून बघितली. खेळण्यासाठी पोर्शे खोलणारा माणूस! २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, ते गेले. आपल्याकडचंही नाव या धंद्यात आहे. ब्रिटिश एअरफिक्सच्या कितीतरी पेट्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असतं.

सामान

फार लागत नाही. एका बाजूने सपाट असलेलं निपर, पेन-कटर, मास्किंग टेप, चिमटा, कपड्यांचे क्लिप, टूथपिक. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, नंबर ६००, १०००, १५०० आणि २०००. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. गोंद मात्र तीन प्रकारचे ठेवा, कारण तिघांची कामं वेगळी.

पहिला प्लास्टिक सिमेंट. याला गोंद म्हणणं चूकच आहे. तो पॉलिस्टायरिनला विरघळवतो, दोन्ही बाजू एकमेकांत मिसळतात आणि सॉल्व्हंट उडून गेलं की सांधा एकजीव होतो. म्हणजे हे थंड वेल्डिंगच. पातळ सिमेंट असेल तर भाग आधी जुळवून धरा आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवा. केशाकर्षणाने सिमेंट आपोआप फटीत शिरतं. दुसरा सुपरग्लू, धातूच्या आणि रबरी भागांसाठी. तिसरा आपला पांढरा फेव्हिकॉल, तो काचांसाठी. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढरी साय धरते, आणि काच गेली की गाडी गेली. फेव्हिकॉल सुकल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो.

क्रम

१. सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचा. कोणता भाग आधी रंगवायचा आणि कोणता जोडून मग रंगवायचा, ते पेन्सिलीने लिहा. हाही एक प्रोसेस प्लॅनच.

२. सगळे रनर कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून धुवा. डायमधून सुटण्यासाठी मारलेल्या तेलकट थराचा अंश राहिला तर रंग धरत नाही.

३. भाग कापताना दोन कट घ्या. पहिला गेटपासून लांब, दुसरा जवळ. एकदम भागाला लागून कापलं तर प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं किंवा भागात खळगा पडतो. उरलेला अर्धा मिलिमीटर कागदाने घासा.

४. गोंद लावायच्या आधी प्रत्येक जोड कोरडा बसवून बघा. चॅसी बॉडीत बसते का, चारही चाकं टेबलाला टेकतात का. तीन टेकली आणि एक हवेत राहिलं तर ॲक्सल आताच सरळ करता येतो, नंतर नाही.

५. बॉडी सगळ्यात आधी हाती घ्या. ती शेवटी लागते, पण तिच्या रंगाला सुकायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. ती सुकेपर्यंत चॅसी, सीट, डॅशबोर्ड उरकतात.

बॉडीवरची पार्टिंग लाइन १००० नंबरने पाणी लावून काढा. मग दाराच्या आणि बॉनेटच्या रेषा सुईच्या किंवा खास स्क्रायबरच्या टोकाने हलक्या हाताने थोड्या खोल करा. पुढे रंग त्यात भरणार आहे, त्याची तरतूद आताच.

रंग आणि वसईची हवा

इथे आपल्या भागाचा प्रश्न येतो. जून ते सप्टेंबर वसई-विरारमध्ये टॉवेलसुद्धा वाळत नाही, रंगाचं काय घेऊन बसलात! लॅकर स्प्रेमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं. उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. पृष्ठभाग दवबिंदूखाली गेला की हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं आणि लाल गाडीवर दुधाळ पांढरट डाग उमटतात. याला ब्लशिंग म्हणतात. कारण थर्मोडायनॅमिक्सचं आहे, त्यामुळे महागडा रंग आणून ते जात नाही. पावसाळ्यात कापणं, घासणं, इंटिरिअर, ब्रशने करायची बारीक कामं करा. स्प्रे नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी ठेवा. त्या महिन्यांतही अगदी पहाटे नको, तेव्हा दव असतं. दुपारी नको, समुद्राचा वारा धूळ घेऊन येतो. सकाळी दहा-अकराची वेळ चांगली.

डबा आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. कोमटच. गरम पाणी, शेगडी, ऊन यांच्या जवळ प्रेशरचा डबा न्यायचा नाही. अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर. स्प्रे बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, बॉडीवरून सरळ न्यायचा आणि बाहेरच बंद करायचा. पहिले दोन थर नुसते धुक्यासारखे, तिसरा थोडा ओला. रंग एकाच थरात पूर्ण झाकला जावा हा मोह आवरा. मग स्वच्छ डबा उपडा घालून एक आठवडा विसरा. सुकलं का, ते बोट लावून नाही, वास घेऊन ओळखायचं. वास येतोय म्हणजे सॉल्व्हंट अजून आत आहे.

गाडीच्या रंगाचा दुकानात मिळणारा साधा स्प्रे किंवा एनसी थिनर थेट प्लास्टिकवर नको. त्यातलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरिन खातं आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. आधी मॉडेलचा प्रायमर, आणि कोणताही नवा रंग आधी रिकाम्या रनरवर मारून बघा. रनर फेकायचे नाहीत ते यासाठी.

मेटॅलिक रंगात अजून एक हिशेब. खऱ्या गाडीच्या रंगातला चमकीचा कण २० मायक्रॉनचा धरला, तर तोच रंग मॉडेलवर मारल्यावर कण प्रमाणात अर्धा मिलिमीटर दिसतो. गाडी लग्नाच्या साडीसारखी चमकते. म्हणून मॉडेलसाठी बारीक कणांचा रंग घ्यावा.

क्लिअर पूर्ण सुकला की २००० नंबरने पाण्यात हलकं घासून रबिंग कंपाउंडने पॉलिश करा. कडांवर हात सांभाळून, तिथे थर सर्वांत पातळ असतो.

डीटेलिंग

यापुढचं काम वेळखाऊ आहे, पण पैशाचं नाही.

खऱ्या गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. किटची बॉडी एक मिलिमीटर धरली तरी प्रमाणात २४ मिलिमीटर, म्हणजे चिलखतच! सगळी पातळ करता येत नाही, आणि गरजही नाही. जिथे कड डोळ्याला दिसते तिथेच, म्हणजे चाकांच्या कमानी आणि टपाची किनार, रंगवण्याआधी आतून तिरपं घासा. बाहेरून पत्र्याचा भास होतो.

टायरवर मधोमध मोल्डची रेघ असते, ती वॉटर पेपरने काढा. चकाकी जाऊन टायर दोन-चार हजार किलोमीटर पळाल्यासारखा दिसतो. ब्रेक डिस्कवर आधी चंदेरी, मग फटींमध्ये पातळ काळा. सीटबेल्ट मास्किंग टेपच्या पट्टीचे. पायाखालचा गालिचा म्हणजे लोकर कात्रीने अगदी बारीक कापून फेव्हिकॉलवर भुरभुरवलेली. इंजिन असलेलं किट असेल तर प्लगच्या वायरी जळक्या मोटारीच्या वाइंडिंगमधून काढा. बऱ्याच किटमध्ये बॉनेट उघडतच नाही, खाली फक्त इंजिनाचा तळ असतो. त्यात कमीपणा काही नाही. काचांच्या काळ्या रबरी किनारी टेप लावून रंगवा, हाताने नको. दाराच्या रेषेत पातळ केलेला रंग ब्रशच्या टोकाने सोडा. लाल गाडीला गडद तपकिरी, पांढरीला राखाडी. काळा सगळीकडे वापरला तर गाडी व्यंगचित्रातली वाटते.

डिकल पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर थांबा, आणि जागेवर सरकवा. ओढू नका. वळणावर बसत नसेल तर गरम पाण्यात भिजवलेला बोळा हलका दाबा.

आणि डोळ्यासमोर खऱ्या गाडीचे फोटो ठेवा. दिवा किती आत आहे, एक्झॉस्ट आतून किती काळा आहे, नंबर प्लेट तिरपी आहे का. आपण रोज गाड्या बघतो, पण बघत नाही. हा छंद लागला की वसई स्टेशनच्या पार्किंगमध्ये माणूस वाकून बंपरखाली बघायला लागतो आणि सिक्युरिटीवाला संशयाने त्याच्याकडे.

एक गंभीर गोष्ट

हॉस्टेलच्या खोलीत तीन-चार कॉट, एक खिडकी, आणि ती पावसाने किंवा डासांनी बंद. कोपऱ्यात डासांची कॉइल, बादलीत पाणी तापवायचा रॉड. अशा खोलीत थिनर उघडणं म्हणजे आगीला आमंत्रण. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि कॉइल नेमकी जमिनीवरच असते. रूममेट झोपलाय आणि तुम्ही कॉटच्या आडोशाला स्प्रे मारताय, तर त्याच्या फुफ्फुसात काय जातंय याचा निर्णय तुम्ही त्याला न विचारता घेतलेला असतो. साधा कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी कार्बनचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

तेव्हा नियम सोपे ठेवू. स्प्रे फक्त गच्चीवर, वॉर्डन सरांना विचारून, दिवसा. खोलीत पाण्याने पातळ होणारे ॲक्रिलिक रंग आणि ब्रश. थिनरची बाटली छोटी, झाकण घट्ट, आणि भिजलेले बोळे खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात नाहीत. सुपरग्लू सुती कपड्यावर सांडला तर तो तापतो, चटका बसतो, म्हणून मांडीवर ठेवून काम नको. घासणं पाण्यातच, म्हणजे भुकटी उडत नाही. माझी सरांना विनंती आहे की वर्कशॉपमध्ये एक्झॉस्ट फॅनखालचं एक टेबल शनिवारी दुपारी आम्हाला मिळावं. मुलं हे करणारच, मग ते लपून कॉटखाली होण्यापेक्षा उघड आणि सुरक्षित जागी होऊ दे.

मग कशासाठी?

किट स्वस्त नाही. परदेशातून येतं, आणि स्प्रेचे डबे विमानाने पाठवण्यावर बंधनं असल्याने रंग मिळवणं तर आणखी कटकटीचं. दोघा-तिघांनी मिळून एक घ्या. एकाने बॉडी, एकाने चॅसी, एकाने इंटिरिअर. मग कळेल की तिघांचे भाग शेवटी एकत्र बसवणं हेच खरं इंजिनिअरिंग आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये जे भांडण शेवटच्या आठवड्यात होतं, ते इथे ७२ ग्रॅमवर होऊन जातं.

वालीवच्या एका गाळ्यातल्या फोरमन काकांना मी किटचा एक रनर दाखवला होता. त्यांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला, गेटवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “डाय चांगली आहे रे. फ्लॅश अजिबात नाही. तुमच्यातली पोरं आमच्याकडे येतात ना, स्क्रीनवर झकास काढतात. पण दोन दशांश मिलिमीटर म्हणजे किती, ते बोटाला माहीत नसतं.” मी म्हटलं, “काका, शिकवा की मग.” ते म्हणाले, “शिकवायचं काय त्यात? घास आणि बघ.”

आपल्याकडेही स्पोर्ट्स कार बनवायचे प्रयत्न झाले. गोव्यात तयार झालेली फायबरग्लास बॉडीची दोन सीटर सॅन स्टॉर्म, २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांनी मांडलेली अवंती. रस्त्यावर आज त्या क्वचितच दिसतात. पण फोटो आहेत, स्केल काढता येतो, आणि प्लास्टिकची शीट मिळते. दोन-तीन किट हाताखालून गेली की यातली एखादी शून्यातून १/२४ मध्ये उभी करायला काय हरकत आहे? पुढच्या टेक फेस्टमध्ये कोणी आणली, तर रंगाच्या जाडीपासून बघायला मी येणार आहे.